पेरुजाची पायी फेरी: कारंजं, सराफांचं दालन आणि पोपचा किल्ला

रोमहून फ्लोरेन्सला जाणारी आपली मंडळी उंब्रिया प्रदेश गाडीच्या खिडकीतून बघतात आणि पुढे निघून जातात. फार तर असिसीला सेंट फ्रान्सिसच्या चर्चपाशी बस थोडा वेळ थांबते. उंब्रियाची राजधानी पेरुजा मात्र बहुतेक टूरवाल्यांच्या यादीत नसतेच. मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी तिथे मुक्कामाला होतो, आणि एका सकाळी स्थानिक परवानाधारक गाईडबरोबर जुन्या पेरुजाची पायी फेरी घेतली. इंग्रजीतून, साधारण तीन तासांची, पैसे ऑनलाइन आधी भरून. माझं मत सुरुवातीलाच सांगते: फेरी जरूर घ्या. गाईडला पैकीच्या पैकी गुण. ज्या कंपनीमार्फत बुकिंग केलं तिला मात्र नाही, आणि त्याची कारणं पुढे लिहिली आहेत.

गाईड पन्नाशीच्या, जन्माने पेरुजाच्याच. त्यांची एक पद्धत मला फार भावली. कुठल्याही इमारतीसमोर थांबलं की शैली, कमानी, शिल्पकाराचं नाव या सगळ्याच्या आधी त्या विचारायच्या, "याचे पैसे कोणी दिले असतील?" माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली. एखादी गोष्ट कोणाच्या पैशावर उभी राहिली, कोणाच्या सहीने मंजूर झाली, हे समजल्याशिवाय मला ती नीट समजत नाही. राजेरजवाड्यांच्या गोष्टी ऐकून कंटाळलेल्या कोणालाही ही फेरी आवडेल, कारण पेरुजाच्या भरभराटीच्या काळात तिथे राजा नव्हताच. पोपची सत्ता नावाला वर होती. बाराव्या-तेराव्या शतकात इटलीतल्या अनेक शहरांसारखं हे शहरही आपला कारभार आपण बघायचं, आणि त्या कारभाराचा कणा होते व्यावसायिकांचे संघ: व्यापारी, सराफ, चांभार, लोहार, कसाई, दगडकाम करणारे.

फेरी सुरू होते मुख्य चौकातल्या मोठ्या कारंज्यापासून, फोन्ताना माज्जोरे. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभ्या होतो आणि तो वेळ सत्कारणी लागला. पेरुजा डोंगराच्या माथ्यावर आहे, त्यामुळे पाणी हे तिचं जुनं दुखणं. तेराव्या शतकात नगरसभेने ठरवलं की शहराबाहेरच्या मॉन्ते पाच्चानो या डोंगरावरून पाणी आणायचं. अंतर चार-पाच किलोमीटर, आणि मध्ये दरी. पाणी आधी खाली उतरवायचं आणि मग नळातल्या दाबाने पुन्हा शहराच्या माथ्यावर चढवायचं, हे त्या काळात सोपं काम नव्हतं. ते साधलं बोनिन्सेन्या नावाच्या व्हेनिसच्या जलतज्ज्ञाने. सगळ्या कामावर देखरेख फ्रा बेव्हिन्याते या स्थानिक साधूची, आणि शिल्पं निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोव्हानी यांची. काम 1275 ते 1278 चाललं. या चौघांची नावं कारंज्यावरच कोरलेली आहेत. शिल्पकाराबरोबर पाण्याच्या इंजिनिअरचंही नाव दगडावर कोरणारी नगरसभा मला तिथेच आवडून गेली.

खालच्या हौदाला पंचवीस बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर दोन, असे पन्नास शिल्पपट. त्यातल्या चोवीस पटांवर वर्षाचे बारा महिने, राशींसकट. जानेवारीत चुलीपाशी बसून शेकणारं जोडपं. जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, ऑक्टोबरात पिंपात वाइन भरणं, नोव्हेंबरात नांगरट आणि पेरणी, डिसेंबरात डुक्कर मारणं. गाईडनी आम्हाला कडेने चालत क्रमाने सगळे महिने फिरवून दाखवले. मार्चपाशी थांबून पायातला काटा काढणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. तो रोमन काळातल्या प्रसिद्ध पुतळ्यावरून घेतलेला आहे. बाजूलाच वेल छाटणारा शेतकरी. पुढच्या पटांवर व्याकरण, गणित, भूमिती, संगीत अशा विद्या, बायबलमधले प्रसंग, रोमचे पौराणिक संस्थापक रोम्युलस आणि रेमस, आणि इसापनीतीतला लांडगा नि बगळा. म्हणजे पाणी भरायला आलेल्या बाईला घागर भरेपर्यंत वर्षभराची शेती, शाळेचा अभ्यासक्रम आणि गोष्ट, सगळं समोर.

वरच्या हौदावर चोवीस पुतळे आहेत आणि इथे खरा जीव अडकतो. मधल्या एका कोपऱ्यावर स्त्रीरूपातली पेरुजा बसली आहे. एका बाजूने कियुझी गावाची बाई तिला गहू देते आहे, दुसऱ्या बाजूने त्रासिमेनो सरोवराची बाई मासे. शहराला धान्य कुठून येतं आणि मासळी कुठून, हे सार्वजनिक कारंज्यावर असं मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि संत, प्रेषित, शहराचा पौराणिक संस्थापक एउलिस्ते यांच्या रांगेत दोन जिवंत माणसंही आहेत: त्या वर्षीचा नगरप्रशासक मात्तेओ दा कोर्रेज्जो आणि लोकांचा कप्तान एर्मान्नो दा सास्सोफेर्रातो. हे दोघंही बाहेरगावचे. त्या काळी इटलीतली शहरं मुद्दाम बाहेरचा माणूस ठरावीक मुदतीसाठी पगारावर आणायची, म्हणजे गावातल्या भाऊबंदकीत तो कोणाची बाजू घेणार नाही. मुदत संपली की त्याच्या कारभाराची तपासणी व्हायची. ऑडिट शब्द ऐकून ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांना हे ऐकायला किती बरं वाटतं, हे सांगायला नको.

शिल्पं तुम्हाला हात लावून बघता येत नाहीत, लोखंडी कठडा आहे. म्हणून छोटी दुर्बीण न्या. माझ्या नणंदेने पक्षी बघायची दुर्बीण आणली होती, ती गटातल्या निम्म्या लोकांनी मागून घेतली.

कॅथेड्रल चौकातच, कारंज्यासमोर. आत फारसं थांबवलं नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. बाहेरच्या पायऱ्यांवर बसवून गाईडनी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. 1216 मध्ये पोप तिसरा इनोसंट याच शहरात वारला. 1294 मध्ये दोन वर्षांहून जास्त रेंगाळलेली पोपची निवडणूक इथेच संपली आणि पाचवा सेलेस्टिन निवडला गेला. 1425 मध्ये सिएनाच्या संत बेर्नार्दिनोने इथे प्रवचनं केली, त्याचा दगडी मंच अजून बाहेरच्या भिंतीला आहे. आणि कॅथेड्रलच्या चौकाकडच्या दरवाजावर एक क्रूस आहे. तो लक्षात ठेवा, म्हणाल्या, शेवटी लागणार आहे.

समोरचा पालाझ्झो देई प्रिओरी 1293 मध्ये सुरू होऊन तुकड्यातुकड्याने दीडशे वर्षं वाढत गेला, 1443 पर्यंत. इथे दहा प्रिओर, म्हणजे शहराचे कारभारी, बसायचे, संघांनी पाठवलेले. व्यापाऱ्यांचे दोन, सराफांचा एक, बाकीचे इतर संघांमधून आळीपाळीने, आणि मुदत फक्त दोन महिने. दोन महिन्यांत माणूस काय काम शिकणार, असं गटातल्या एका गृहस्थांनी विचारलं. गाईडचं उत्तर असं की काम शिकलेले कारकून आणि नोटरी कायम असायचे, प्रिओरांनी फक्त खुर्चीला चिकटू नये एवढीच अपेक्षा होती. नोटरींचं मोठं दालन पहिल्या मजल्यावर आहे, पंख्यासारख्या पसरलेल्या पायऱ्या चढून जायचं. कमानींवर चित्रं आहेत. सुंदर आहे, पण मन माझं पुढच्या दाराकडे होतं.

पुढचं दार म्हणजे कोलेजो देल काम्बिओ, सराफांच्या संघाचं दालन. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून. पेरुजाला येण्याचं माझं कारणच हे होतं. विद्यापीठाचं शहर, व्यापाराचं शहर, त्यामुळे नाना ठिकाणची नाणी इथे येणार. 1308 पासून इथे विद्यापीठ आहे आणि बार्तोलो दा सास्सोफेर्रातोसारखा युरोपभर नाव असलेला कायदेपंडित इथे शिकवत होता. विद्यार्थी दुरून आपापली नाणी घेऊन यायचे. नाणं अस्सल आहे की नाही, वजनात उतरतं की नाही, कशाच्या बदल्यात किती द्यायचं, हे सराफ बघायचे, आणि पैशावरून तंटा झाला की निवाडाही संघाचे अधिकारी याच दालनात करायचे.

दालन लहान आहे. आत गेल्यावर आधी अंधारल्यासारखं वाटतं, मग भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागातलं लाकूडकाम दिसायला लागतं. रंगीत लाकडाचे तुकडे बसवून केलेलं, दोमेनिको देल तास्सो या फ्लोरेन्सच्या कारागिराचं. निवाडा करणाऱ्यांच्या आसनाच्या वर कोनाड्यात न्यायदेवता. आणि वरच्या अर्ध्या भागात पेरुजिनोची भित्तिचित्रं. पिएत्रो व्हान्नुच्ची हे त्याचं नाव, गाव चित्ता देल्ला पिएव्हे, पण तो पेरुजिनो म्हणूनच ओळखला गेला. 1496 मध्ये संघाने त्याला काम दिलं. काय रंगवायचं याचा आराखडा फ्रान्चेस्को मातुरान्त्सिओ या लॅटिन पंडिताने करून दिला. छतावर रथात बसलेले ग्रह. भिंतीवर विवेक आणि न्याय, धैर्य आणि संयम या चार गुणांच्या मूर्ती ढगात बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या पायाशी ते गुण अंगी असलेले जुने ग्रीक-रोमन पुरुष: सॉक्रेटिस, ट्राजन, लिओनायडस, पेरिक्लीस, सिन्सिनाटस. समोरच्या भिंतीवर प्रभूचा जन्म वगैरे प्रसंग. म्हणजे नाणी मोजणाऱ्या माणसाने मान वर केली की समोर विवेक आणि न्याय.

या चित्रांत राफाएल या पुढे गाजलेल्या चित्रकाराचा हात आहे का, यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत. तो तेव्हा फार तर सतरा वर्षांचा होता. धैर्याची आकृती त्याची असं काही जण म्हणतात. गाईडनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि स्वतःचं मत लादलं नाही, हे मला आवडलं.

दोन चित्रांमधल्या खांबावर पेरुजिनोने स्वतःचं चित्र काढलंय. खोट्या चौकटीत, जणू मण्यांच्या माळेने ते भिंतीला टांगलंय. लाल टोपी, भरलेले गाल, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, आणि नजर थेट तुमच्यावर. गिऱ्हाईकाने दिलेलं नाणं परत करणाऱ्या माणसाची असते तशी नजर. बाकी सगळ्या आकृत्या मान जराशी कलती ठेवून स्वप्नात असल्यासारख्या उभ्या आहेत, हा एकटा जागा आहे. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की चित्रकला हरवली असती तर याने ती परत शोधली असती, आणि कधी जन्मलीच नसती तर याने तिला इथवर आणलं असतं. समोरच्या खांबावर साल आहे, 1500.

या सालापाशी गाईडचं सगळ्यात चांगलं सांगणं झालं. त्याच 1500 च्या जुलै महिन्यात, चौदा-पंधरा तारखेच्या रात्री, इथून पाच मिनिटांवर बाल्योनी घराण्यात कत्तल झाली. संघांचं राज्य तोवर कागदावर उरलं होतं. खरी सत्ता बाल्योनींच्या हातात होती आणि ते आपसांत फुटलेले होते. अस्तोर्रे बाल्योनीचं लग्न रोमच्या कोलोन्ना घराण्यातल्या लाव्हिनियाशी झालं, आणि लग्नाच्या त्या दिवसांतच घरच्याच लोकांनी अस्तोर्रे आणि त्याच्या भाऊबंदांना झोपेत मारलं. कटात ग्रिफोनेत्तो बाल्योनी हा तरुण होता. जान्पाओलो बाल्योनी निसटला, परत आला, आणि ग्रिफोनेत्तो रस्त्यात मारला गेला. त्याची आई आतालान्ता मरणाऱ्या मुलापाशी आली आणि मारेकऱ्यांना क्षमा कर म्हणाली, असं सांगतात. काही वर्षांनी तिने राफाएलकडून येशूचं कलेवर वाहून नेतानाचं चित्र करून घेतलं. 1507 ची तारीख आहे त्यावर. इथल्या सान फ्रान्चेस्को अल प्रातो चर्चमध्ये ते शंभर वर्षं होतं. 1608 मध्ये पोपच्या भाच्यासाठी, कार्डिनल शिपिओने बोर्गेझेसाठी, ते गुपचूप रोमला नेलं. आज ते तिथे बोर्गेझे संग्रहालयात आहे, आणि पेरुजाच्या वाट्याला त्याची नक्कल आली.

"याचे पैसे कोणी दिले?" हा प्रश्न गाईडनी इथेही विचारला. एका आईने, एवढंच म्हणून त्या पुढे निघाल्या. भिंतीवर विवेक आणि न्यायाचा रंग जेमतेम वाळला असेल आणि बाहेर हे. दालनातून निघताना माझी नणंद बराच वेळ काही बोलली नाही.

फेरीचा शेवट रोक्का पाओलिनात, म्हणजे पोपच्या किल्ल्यात. मुख्य रस्त्याच्या टोकाला जमिनीखाली जायचं. 1540 मध्ये पोप तिसरा पॉल याने मिठाचा भाव वाढवला. पेरुजाचं म्हणणं, जुन्या करारांनी आम्हाला यातून सूट आहे. शहराने नकार दिला आणि बंड केलं. कॅथेड्रलच्या दारावर तो क्रूस तेव्हा बसवला आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या पायाशी ठेवल्या, आता आमचा धनी हाच म्हणून. मी मूळची वेंगुर्ल्याकडची, शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या, त्यामुळे मिठावरून पेटलेलं गाव मला अजिबात परकं वाटलं नाही. पोपचा मुलगा पिएर लुइजी फार्नेझे फौज घेऊन आला आणि जूनमध्ये शहर पडलं. पोपने मग बाल्योनींची वस्तीच निवडली. शंभराहून अधिक घरं, मनोरे, चर्चं पाडली किंवा अर्धी कापली आणि त्यांच्यावर आन्तोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून किल्ला बांधून घेतला. पेरुजाच्या लोकांचा माज उतरवण्यासाठी, असं लॅटिनमध्ये लिहून.

आज तुम्ही त्या किल्ल्याच्या पोटातून चालता. वर विटांच्या उंच कमानी, आणि दोन्ही बाजूंना घरं. खरी घरं: दाराच्या चौकटी, खिडक्या, गल्लीचे कोपरे, सगळं जागच्या जागी, फक्त वर आकाश नाही. सांगाल्लोने रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांची एक वेससुद्धा, पोर्ता मार्झिया, मोडून टाकण्याऐवजी किल्ल्याच्या भिंतीत सरकवून बसवली. वरचा किल्ला लोकांनी 1848 मध्ये फोडायला सुरुवात केली आणि 1860 मध्ये शहर पोपच्या हातून सुटल्यावर उरलेला पाडला. खालचा भाग राहिला. 1983 मध्ये त्यातून सरकते जिने काढले, आणि ऑफिसला जाणारी माणसं, दप्तरवाली पोरं रोज बाल्योनींच्या दारावरून वर-खाली करतात. पैसे कोणी दिले हे गाईडनी इथे विचारलं नाही.

पेरुजाचा पाव बिनमिठाचा असतो आणि तो या मिठाच्या लढाईपासून तसा आहे, असं तुम्हाला प्रत्येक हॉटेलवाला सांगेल. आमच्या गाईडनी ही गोष्ट सांगितली आणि लगेच विचारलं की मग शेजारच्या फ्लोरेन्सचा पावही बिनमिठाचा का, तिथे तर पोपचं राज्य नव्हतं. अशी गाईड मिळणं भाग्याचं.

आता तक्रारी. बुकिंगच्या पानावर "लहान गट" लिहिलं होतं, प्रत्यक्षात चांगले पंचवीसेक लोक होते. काम्बिओच्या दालनात एवढी माणसं शिरली की मागच्यांना लाकूडकाम दिसतच नाही. तिथलं तिकीट वेगळं काढावं लागतं हे आधी कळवलं नव्हतं, दारात रांग लावण्यात वेळ गेला आणि आत पंधरा मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. एवढ्या दुरून जे बघायला आले त्याला पंधरा मिनिटं, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी परत जाऊन शांतपणे बसले. कानात घालायच्या यंत्रातून किल्ल्यात आवाज सारखा तुटत होता. गाईडनी ते ओळखून यंत्र काढायला लावलं आणि मोठ्याने बोलल्या. कंपनीला ई-मेल केली, उत्तर आलं नाही.

म्हणून तुम्ही बुक करताना गटात जास्तीत जास्त किती माणसं, काम्बिओचं तिकीट धरलंय का, आणि तिथे किती वेळ, हे लेखी विचारून घ्या. दोन-तीन कुटुंबं मिळून स्वतंत्र गाईड घेतलात तर सगळ्यात उत्तम. काम्बिओ दुपारी मध्ये बंद असतं, तेव्हा सकाळची वेळ घ्या. रेल्वे स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून मिनिमेत्रो नावाची छोटी गाडी वर जाते, पिन्चेत्तो या शेवटच्या थांब्यावर उतरायचं. फ्लोरेन्सहून रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी सरकत्या जिन्यांच्या बाजूने या, गल्ल्यांचे चढ खरोखर उभे आहेत. शाकाहारी असाल तर तोर्ता अल तेस्तो मागा: तापलेल्या जाड तव्यावर भाजलेली रोटी, आत चीज आणि परतलेला पाला. पिठात चरबी घातली आहे का एवढं विचारा, आम्हाला दोन्ही प्रकार मिळाले. आणि फेरी संपल्यावर लगेच निघू नका. पालाझ्झो देई प्रिओरीच्या वरच्या मजल्यांवर उंब्रियाचं राष्ट्रीय कलादालन आहे, फेरीत ते नसतं. तिथे आर्नोल्फो दी काम्बिओ या शिल्पकाराने 1281 च्या सुमाराला शहराच्या दुसऱ्या एका कारंज्यासाठी केलेल्या तहानलेल्या माणसांच्या मूर्ती ठेवल्या आहेत. पाण्याकडे वाकलेली म्हातारी त्यात आहे. सकाळी कारंजं बघितलंत तर दुपारी तिला बघायला जाच.